ट्रकसाठी खणलेले चर

लेकरांनो, नव्या उंच गाडीच्या इंजिनापर्यंत हात पोचत नाही, असं तुम्ही काल फोनवर म्हणालात, म्हणून एका मिस्त्रींबद्दल लिहिते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी कनेरगाव नाक्यावर आमची बस पंक्चर झाली. समोरच त्यांचं गॅरेज होतं. माणूस बुटका, साठीचा. ट्रकच्या बंपरवरून पडून गुडघा मोडला होता आणि डॉक्टरांनी चढायला मनाई केली होती. तेव्हा त्यांनी पुढच्या चाकांसाठी जमिनीत दोन उतरते चर खणले. त्या दिवशी हळदीची पोती भरलेला एक लांब नाकाचा ट्रक त्यांत उतरत होता.

ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, "मामा, खड्ड्यात काहून घालून राहिले? गाडी पुन्हा निघंल का?"

"निघंल. तुझ्यावानी अडून बसत न्हाई ती."

त्यांनी चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं. इंजिन बरोबर त्यांच्या छातीशी आलं. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "वर चढायचं बंद झालं, ताई. पण काम कसं सोडावं? म्हून गाडीलाच खाली बोलावतो."

परवा मी तिथून गेले. त्यांचं काम अजून चालू आहे.