केतकीच्या टँकमधली आदर्श माता

हसणार नाही, असं आधी कबूल करा. मग सांगतो.

आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवलं मी, आणि शेवटी एका माशानं मला नापास केलं!

कर्वेनगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये केतकी राहते. आयटीवाली. तिच्याकडे खाऱ्या पाण्याचा फिशटँक, त्यात क्लाउनफिशची जोडी. एक मोठा, एक छोटा. ऑफिसच्या कामासाठी बंगळुरूला जाताना चावी माझ्याकडे देऊन गेली.

"काका, अंडी घातलीयेत. खायला तेवढं घाला, आत हात घालू नका."

जाऊन बघतो तर काय! दगडावर नारिंगी अंडी. छोटा मासा त्यांना परांनी सारखा वारा घालतोय, तोंडानं साफ करतोय. मोठा आपला टँकभर येरझाऱ्या घालतोय.

नेमकी तेव्हाच आमच्या हिनं मैत्रिणींबरोबर केरळची ट्रिप ठरवलेली. मी घरी एकटा! अहो, मला चहासुद्धा धड जमत नाही. ट्रिप मोडणं भागच होतं. मी हिला टँकसमोर उभं केलं. कट्ट्यावरची मंडळीही बोलावली, साक्षीला.

"बघ! ही आई. अंड्यांपासून क्षणभर हलत नाही. याला म्हणतात संसार!"

"आणि तो मोठा?"

"बाप. बाहेरचं सगळं त्यालाच बघावं लागतं."

"रिटायर झालेला दिसतोय," ही म्हणाली.

मंडळी खो खो हसली. झालं, माझ्या अंगात मास्तर संचारला! व्हिडिओ काढला आणि 'आदर्श माता' असं लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

लगेच केतकीचं उत्तर. तेही ग्रुपवरच!

"काका, तो छोटा नर आहे. यांच्यात अंडी बाबाच सांभाळतो. मोठी आहे ती मादी."

सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायकांनी अंगठे दिले. हिनं माळ्यावरची बॅग काढायला लावली. मलाच!

गेली केरळला. मग काय, कुकर मी, धुणं मी, गॅलरीतली तुळसही मीच.

परवा हिचा फोन आला तेव्हा मी दारात भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतो.

"अगं, नंतर बोल! शिळी कोथिंबीर गळ्यात मारतोय मेला!"

फोन ठेवून वळलो, तर चावी न्यायला आलेली केतकी मागे उभी. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. खांद्यावर फडकं, हातात मेथीची जुडी.

"काका, एक सांगायचं राहिलंच," ती शांतपणे म्हणाली. "यांच्यातली मादी निघून गेली ना, की नर हळूहळू मादी होतो."