राखणदाराची करवंटी

"वास येता काय रे, दादा?" दिगाकाका बाबांच्या कानाशी पुटपुटले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. वास मलाही येत होता... काजूच्या दारूचा.

इथले बरेचसे अनुभव मी हसतच वाचलेत. गावाची राखण करणारा देव, राखणदार वगैरे मला गावाकडची करमणूक वाटायची. त्यामुळे फक्त घडलं तेवढंच लिहिते.

२००६ – रियाध, ओलायाच्या मागच्या गल्लीतला आमचा फ्लॅट, शुक्रवारची दुपार. बाबांचं गाव गोव्याच्या हद्दीवर. दारूबंदीच्या काळात तिथली माणसं ट्रकच्या ट्यूबांमध्ये दारू भरून खाडीतून आणायची. पोलिसांपासून त्यांना राखणदाराने लपवलं, ही गावाची समजूत. म्हणून वर्षातून एकदा सगळे रिकाम्या ट्यूबा गळ्यात घालून मिरवतात आणि राखणदारापुढे करवंटीत दारू ठेवतात. रियाधमध्ये दारू सापडली तर आधी तुरुंग, मग कायमचं परत. म्हणून त्या दिवशी बाबा घरी सफरचंदाचा ज्यूस ठेवायचे.

"ह्या पिऊन राखणदाराच्या पोटात दुखतला," काका दरवर्षी म्हणायचे. ते बाबांचे चुलत भाऊ, कामगारांच्या कॅम्पमध्ये राहणारे वेल्डर.

ज्यूसचा कार्टन मीच उघडला होता. करवंटीही सकाळीच फोडलेल्या नारळाची. बाबांनी गाऱ्हाणं, म्हणजे राखणदाराला मोठ्याने घालायचं साकडं, सुरू केलं. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. मला ते एम्बॅरसिंग वाटायचं, मी कधीच म्हणत नसे. दुसऱ्या वाक्यालाच वास सुटला... आणि बेल वाजली.

घरमालक होता, एसी बघायला आलेला. काकांनी करवंटीकडे हात नेला.

"हलवू नको," बाबा म्हणाले. "गाऱ्हाणा पुरा झाला नाय."

आईने मला आत ओढलं, तरी फटीतून दिसत होतं. घरमालक करवंटीपाशी थांबला. "असीर?" – ज्यूस का, असं त्याने विचारलं. काकांचा हात खिशातल्या इकाम्यावर, तिथे राहायच्या परवान्यावर गेला. घरमालकाने करवंटी उचलली आणि एका दमात रिकामी केली.

"तुफ्फाह," तो हसून म्हणाला. सफरचंद. एसी बघून गेला.

करवंटीला नंतरही दारूचाच वास होता. कार्टनमधल्या उरलेल्या ज्यूसला सफरचंदाचा. मी दोन्ही पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं. वास कुठून आला आणि त्याला कसा आला नाही, मला आजही सांगता येत नाही.

बाबांनी राहिलेलं गाऱ्हाणं पुरं केलं. "...ह्या परमुलखात लेकराबाळांक सांभाळ रे म्हाराजा!"

काका रिकाम्या करवंटीकडेच बघत राहिले. बाबा वाट बघत होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.