इकोच्या नावची पुडकी

हिलारियोने भाजलेलं डुक्कर ओळखायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. कातडीवर सुरीची मूठ मारली की सुक्या पाचोळ्यावर पाय पडल्यासारखा आवाज यायला हवा. मऊ आवाज आला तर खुशाल समजावं, दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलाय. सेबू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लग्न असो, बारसं असो, नाहीतर परदेशी नोकरीला निघालेल्या पोरीचा निरोप असो, अख्खं डुक्कर बांबूवर चढवून निखाऱ्यावर फिरवायला बोलावणं जायचं ते हिलारियोलाच. पोटात गवती चहाच्या जुड्या, लसूण आणि कांद्याची पात भरून जाड दोऱ्याने शिवायचं, वरून शहाळ्याचं पाणी फासत राहायचं आणि घाई करणाऱ्या यजमानाचा पाणउतारा करायचा, हे सगळं तो बापाकडून शिकला होता. एका लग्नात नवरदेव सारखा येऊन विचारायला लागला, झालं का, झालं का. हिलारियोने बांबू त्याच्या हातात दिला आणि स्वतः जाऊन नवरीच्या शेजारच्या खुर्चीत बसला. नवरीचं हसू थांबेना. अजून तिची मुलं तो किस्सा सांगतात.

असा हा ऐटबाज गडी स्वतःच्या घरात मात्र चोरपावलांनी शिरायचा. आधी मागच्या अंगणातल्या नळाखाली बसायचं, अंगाला साबण लावून वर लिंबाची सालं चोळायची, धुराचे कपडे झाकणाच्या पिंपात टाकायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. कारण घरात इको होता.

इको म्हणजे जेरिको, अकरा वर्षांचा, एकुलता एक. जन्मला तेव्हा ओल्या फडक्यासारखा सैल होता. दूध ओढायचीही ताकद नव्हती. हिलारियोची बायको फेलिसा त्याला चमच्याने थेंबथेंब पाजायची आणि देवळात जाऊन एकच मागायची, माझ्या लेकराला भूक लागू दे. पुढे भूक लागली, आणि लागली ती थांबलीच नाही. कच्चे तांदूळ, कोंबड्यांचा कोंडा, शेजाऱ्यांनी कुत्र्याला टाकलेले माशाचे काटे, पोराला काहीही चालायचं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, की जन्माआधीच जनुकांतला एक बारीक तुकडा गळून गेलाय. हजारोंत एखाद्याला होतं, आईबापांची यात काही चूक नाही. पोट भरल्याचा निरोप याच्या मेंदूपर्यंत पोचतच नाही. हा जेवून उठला तरी उपाशीच असतो.

तेव्हापासून स्वयंपाकघराला कुलूप लागलं आणि किल्ली फेलिसाच्या गळ्यात, मेरीमातेच्या पदकाशेजारी. तिकडे नारळाच्या पात्यांच्या विणलेल्या पिशवीत भात शिजवतात. फेलिसा इकोसाठी मुठीएवढ्या इवल्या पिशव्या विणायची. भात तेवढाच, पण पोराच्या ताटात एकाला दोन पिशव्या दिसाव्यात म्हणून. बाकी पोर गुणी. तुकडे जुळवायच्या चित्रात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मास्तरांनी दिलेलं जहाजाचं चित्र त्याने उलट्या बाजूने, नुसत्या आकारावरून जुळवून दाखवलं होतं.

अडचण यायची ती गावच्या संताच्या सणाला. त्या दिवशी एकही दार बंद नसतं. ओळखीचा असो, अनोळखी असो, दारावरून जाणाऱ्याला हाताला धरून पानावर बसवतात, आणि न जेवता गेला तर वर्षभर लक्षात ठेवतात. इको सात वर्षांचा असताना असाच गर्दीत निसटला. प्रत्येक घराला वाटलं, आपल्याकडेच पहिल्यांदा आलाय बिचारा. संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं ताणलं आणि श्वास घेता येईना. दवाखान्यात नळ्या घालून वाचवला. पुढे दर सणाला फेलिसा उजाडायच्या आत त्याला घेऊन डोंगरातल्या बहिणीकडे जायला लागली. इकडे हिलारियो सगळ्या गावासाठी डुकरं भाजायचा. लोकांची पोरं निखाऱ्याच्या खड्ड्याभोवती नाचायची, आणि त्याची नजर आपली डोंगराच्या वाटेवर.

यंदा त्याने विषय काढला. मिरवणूक, बँड, पताका, सगळं पोराने पाहायला नको का? आपल्याच गावात तो किती दिवस पाहुण्यासारखा राहणार?

फेलिसा म्हणाली, "तुला पोर मिरवायचंय. मला ते जगवायचंय."

"दोन्ही करू," तो म्हणाला. "मी घरोघर जाऊन सांगतो."

आणि खरंच गेला. टोपी हातात घेऊन एकेक दार. आमच्या इकोला घास देऊ नका, हात जोडतो. लोकांना ते जड गेलं. लेकराला नाही म्हणायचं म्हणजे पाप, असं मानणारा तो गाव. कोपऱ्यावरची मानांग सियोनिंग तर फणकारलीच. या म्हातारीने गावातली अर्धी पोरं न्हाऊमाखू घातलेली, म्हणून सगळे तिला मोठी बहीण म्हणून मानांग म्हणायचे. ती म्हणाली, "बाप डुक्कर भाजतो आणि पोराला नुसता वास देतो, ही कुठली रीत रे?" पण शेवटी तिनेही शब्द दिला.

सणाचा दिवस झकास उजाडला. निळा सदरा घालून इको आईचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. जेवण कधी, हे तो परत परत विचारत होता आणि फेलिसा परत परत सांगत होती, बँड गेला की. हिलारियोने खड्ड्यापासून मान उंच करून पाहिलं. पोर पताका हलवत होतं. त्या भरात डुकराची एक बाजू जरा जास्त लाल झाली. जन्मात पहिल्यांदा.

कुठल्याच घराने शब्द मोडला नाही. इकोला कुणी पानावर बसवलं नाही. पण सणाला पाहुणा रिकाम्या हाताने परत पाठवायचा नसतो. त्याच्यासोबत केळीच्या पानात बांधून काहीतरी द्यायचंच. आणि हे पोर तर पानावर आलंच नव्हतं. खायला घालू नका म्हणाला होता हिलारियो, घरी पाठवू नका असं कुठं म्हणाला होता? दुपारी मायलेक घरी आले तर दारापुढच्या ओट्यावर पुडक्यांची रास. मांस, शेवया, भाताच्या पिशव्या, तांदळाच्या गोड वड्या. प्रत्येकावर एकच निरोप, इकोसाठी.

फेलिसाने किंकाळी फोडेपर्यंत एक पुडकं संपलं होतं.

हिलारियो धावत आला. पोराला मिठीत दाबून बसला. पोर ओरडत होतं, चावत होतं. बऱ्याच वेळाने ते थकलं. फेलिसाने बाकीची पुडकी टोपलीत भरून वर फडकं बांधलं. तिच्या डोळ्यांत "मी सांगितलं नव्हतं?" असं काही नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

टोपली घेऊन पुडकी परत करायला तो निघाला तसा इको फाटकात आडवा बसला. "माझ्या नावाने आलंय," तो म्हणाला. "माझं आहे."

"तुझंच आहे," हिलारियो म्हणाला. "म्हणून तूच दे परत. चल."

वाटेत घरं लागत गेली. परत आलेलं पुडकं घेताना लोक खाली बघायचे, कुणी रागवायचे. शेवटचं उरलं सियोनिंगचं. ते इकोने मागून घेतलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तेल पानातून पाझरून सदऱ्यावर उतरलं. हिलारियो दोन पावलं मागून चालत राहिला. धावून हिसकावून घ्यायची तयारी ठेवून, आणि तसं करावं लागू नये म्हणून मनात विनवत.

दारात सियोनिंग उभी राहिली. "माझ्या घरचं अन्न आजवर कुणी परत आणलं नाही," ती म्हणाली.

"मानांग," हिलारियो म्हणाला, "इतकी वर्षं मी गावाला जेवायला घालतोय. माझ्या पोराला एकदा पोटभर वाढावं, त्याने पान सरकवून 'बास' म्हणावं, एवढंच मला बघायचंय. तुला काय वाटतं, तुझ्याइतकं मला वाटत नाही?"

इकोने हात पुढे केले. पुडकं सोडायला त्याला वेळ लागला, बोटं एकेक करून सुटली. सियोनिंगने ते घेतलं आणि त्याच हातांनी त्याचं डोकं जवळ ओढून केसांचा मुका घेतला.

परतताना इको बोटं चाटत चालला होता. हिलारियो समुद्राकडे पाहत राहिला, जणू त्याला ते दिसतच नव्हतं.

"ताताय," पोराने बापाला हाक मारली, "पोट भरतं म्हणजे काय होतं?"

हिलारियोने विचार केला. शेवटी म्हणाला, "काही होत नाही रे. नुसतं मागावंसं वाटत नाही."

इकोने ते मनात जुळवून पाहिलं. कुठेच बसलं नाही बहुतेक.

"मग तेव्हा माणूस काय करतो?" त्याने विचारलं.

"बसून राहतो," हिलारियो म्हणाला, आणि त्याने पोराचा तेलकट हात आपल्या हातात घेतला.