ललित झनकरचे कान

देवळाली कॅम्पात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, घराला लागूनच, ललित झनकरचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. पोटासाठी तो पंपांचे शाफ्ट आणि द्राक्षबागांच्या फवारणी यंत्रांचे सुटे भाग बनवायचा. पण नव्वदच्या सुमारास नाशकात ज्यांना ज्यांना छोटी विमानं उडवायचा नाद होता, ते त्याला ओळखायचे ते डिझेल इंजिनांमुळे. मुठीत मावेल एवढं इंजिन, त्याला ना प्लग ना बॅटरी. ईथर, रॉकेल आणि एरंडेलाचं मिश्रण त्याला पाजायचं, पंख्याला बोटाने झटका द्यायचा, आणि ते पेटलं की डोक्यावरचा स्क्रू फिरवून आतला दाब जुळवायचा. दाब कमी पडला तर इंजिन अडखळतं, जास्त झाला तर कण्हतं आणि तापतं. मधली जागा कानानेच सापडते. ललित डोळे मिटायचा, मान जरा कलती करायचा, स्क्रू केसभर हलवायचा आणि इंजिन एका सुरात वाजायला लागायचं.

विमान उडवायचं काम लखन यादवचं. लखनचे वडील तोफखान्यातून निवृत्त होऊन कॅम्पातच राहिले होते, त्यामुळे त्याचं मराठी अर्धं हिंदी होतं. मैदानाच्या मधोमध तो हातात मूठ धरून उभा राहायचा. मुठीपासून विमानापर्यंत दोन बारीक पोलादी तारा. त्या तारांवर विमान त्याच्याभोवती गरगर फिरायचं, डोक्यावरून उलटं व्हायचं, जमिनीला टेकतंय असं वाटेपर्यंत खाली यायचं. पुण्याच्या, मुंबईच्या स्पर्धांना दोघं बरोबर जायचे. बक्षीस मिळालं की लखन ते ललितच्या हातात द्यायचा. "मैं तो बस गोल गोल फिरतो. उडवतोस तू."

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात ललितला फोनची घंटा ऐकू येईनाशी झाली. आधी त्याला वाटलं, फोनच बिघडलाय. मग दीपमाला, त्याची बायको, एकदा म्हणाली, "अहो, पलीकडे पोर केव्हाची रडतेय, उचलून घेतलं नाहीत?" लेक पाळण्यात लालबुंद होऊन रडत होती आणि ललित चार हातांवर बसून पेपर वाचत होता. त्याने झोप लागली होती असं सांगितलं. तोफखान्याच्या सरावाच्या रेंजवरून येणारा तोफांचा धडाका त्याला नीट ऐकू यायचा, खिडकीची तावदानं थरथरली की तो स्वतःलाच समजवायचा, कानाला काही झालेलं नाही. पण वर्षानुवर्षं त्या किंचाळणाऱ्या इंजिनांना कान लावून बसल्याने बारीक, उंच आवाज त्याच्यापासून निघून गेले होते. दीपमाला डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली. तो टाळत राहिला. डॉक्टरने नक्की काय ते सांगितलं असतं, आणि तेच त्याला नको होतं.

जानेवारीत भगूर रोडवरच्या मैदानावर स्पर्धा होती. सकाळी थंडी होती. गार इंजिन पेटावं म्हणून ललितने स्क्रू जरा जास्त आवळला. ही नेहमीचीच रीत. इंजिन गरम झालं की तो पुन्हा थोडा सैल करायचा असतो. इंजिन पेटलं. त्याच्या कानांपर्यंत एक जाडसर घरघर पोचली, बस. ती बदलेल म्हणून त्याने वाट पाहिली. बदलली नाही. पंच हातातल्या घड्याळाकडे बघत होते. मैदानाच्या मधून लखनने ओरडून विचारलं, "ठीक आहे?" शब्द कळले नाहीत, ओठांवरून ओळखले. ललितने अंगठा वर केला आणि विमान सोडलं.

चौथ्या फेरीत विमान लखनच्या बरोबर डोक्यावर असताना इंजिन जाम झालं. तारा सैल पडल्या. लखन मागे सरकला, पण वेळ कमी पडला. विमान पंख्यासकट त्याच्या तोंडावर आलं.

उजवा डोळा गेला.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी ललित त्याच्या पलंगाशी बसला. लखनची आई बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "लखन, मला ऐकू येत नाही. इंजिनाचा आवाज कळलाच नाही मला. मी उगाच अंगठा दाखवला."

लखनने पट्टी बांधलेलं तोंड त्याच्याकडे वळवलं. मग ललितला ऐकू जावं म्हणून मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलला, "मला ऐकू आला होता. कण्हत होतं ते."

"मग उडवलंस कशाला?"

"तू ठीक म्हणालास ना."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर ललितला त्या चालल्या असत्या. तो जिन्यात येऊन बसला आणि दीपमालाने हाताला धरून उठवेपर्यंत तिथेच बसून राहिला.

पुढे डॉक्टर झाले, कानातलं यंत्रही झालं. यंत्रातून इंजिनाचा आवाज पत्रा खरवडल्यासारखा यायचा. दोन सूर वेगळे करणं त्याला कधीच जमलं नाही. एका डोळ्याने लखनला अंतराचा अंदाज येईना. तो पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागला आणि तिकडेच राहिला. मैदानावर नवीन मुलं विजेवरची विमानं घेऊन यायला लागली. त्यांना ईथरही लागत नव्हतं आणि ललितही. लेक शाळेत गेली, गाणं शिकायला लागली. ललित समोर बसून तिचं तोंड उघडताना, मिटताना बघायचा. ती संपवून त्याच्याकडे बघायची तेव्हा तो टाळ्या वाजवायचा. एकदा त्याने टाळ्या वाजवल्या तेव्हा ती मधेच कडवं विसरून थांबली होती. त्यानंतर ती त्याच्यासमोर गायची नाही.

दोन हजार पाचच्या दिवाळीत लखन आला. काचेचा डोळा, केस पिकलेले. फराळ झाल्यावर म्हणाला, "एकदा चालू कर यार. एकच. ऐकायचंय मला."

ललितने नाही म्हटलं. लखन हलेना. शेवटी ललितने एक जुनं इंजिन फळीवर आवळलं, बाटलीच्या तळाशी उरलेलं मिश्रण ओतलं. सात-आठ झटक्यांनी ते पेटलं. निळसर धूर अंगणभर झाला. ललितने स्क्रू थोडा पुढे घेतला, थोडा मागे, पुन्हा पुढे. यंत्रातून नुसती खरखर येत होती, बोटांना थरथर लागत होती, त्यापलीकडे काही नाही. त्याने लखनकडे पाहिलं.

लखनचा चांगला डोळा भरून आला होता. त्याने अंगठा वर केला. "एकदम सुरात! पहिल्यासारखं!"

इंधन संपून इंजिन थांबलं. लखन संध्याकाळच्या बसने गेला. त्याला स्टँडवर सोडून आल्यावर ललितने दीपमालाला समोर उभं केलं. इतकी वर्षं त्या आवाजात तिने स्वयंपाक केला होता, तिला फरक कळायचा.

"खरं सांग. कसं वाजत होतं?"

तिने पदराने हात पुसले, पुन्हा पुसले.

"अहो, सुरात होतं."

ललित तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आता त्याला माणसांची तोंडं फार चांगली वाचता यायची. ती नजर वळवून आत गेली. तो अंगणात आला, फळीवरचं इंजिन सोडवलं. ते अजून कोमट होतं. दुसऱ्या दिवशी त्याने ते आणि बाकीची सगळी इंजिनं भंगारवाल्याला देऊन टाकली. भंगारवाल्याने विचारलं, चालू आहेत का. ललितला प्रश्न ऐकू आला नाही, आणि त्याने पुन्हा विचारायलाही सांगितलं नाही.