तांदळाच्या डब्यातली बाटली

मिलिंद गेल्याचा फोन काष्टीहून त्याच्या आईंनीच केला. "गेला रं," एवढंच म्हणाल्या; मग फोन तसाच चालू राहिला... मागे कुणीतरी भांडी हलवत होतं.

शाळेपासूनचा माझा हा मित्र श्रीरामपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. ताऱ्यांमधल्या धुळीच्या ढगांतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश येतो. त्यातले काही ठळक पट्टे कार्बनच्या षटकोनी कड्यांच्या रेणूंमुळे असतात, असं मानतात. नेमका रेणू मात्र सहसा ओळखता येत नाही. "आईच्या तव्याखालची काजळीबी याच भावकीतली," तो सांगे. "भावकी कळती, मानूस कळत न्हाई."

तसा एक रेणू त्याने सुट्ट्या घालवून तयार केला होता. बाटलीच्या तळाशी चिमूटभर काळपट भुकटी. पुण्यातल्या यंत्रावर तिचा वर्णपट घ्यायचा आणि दुर्बिणीने टिपलेल्या एका पट्ट्याशी जुळतो का ते पाहायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात यकृताचा कॅन्सर निघाला. भुकटी पुन्हा करण्याइतका वेळ नव्हता. रजा घेऊन काष्टीला घरी आला तेव्हा त्याने ती बाटली, ओल लागू नये म्हणून, भिजलेला मोबाईल ठेवतात तशी तांदळाच्या डब्यात खुपसली.

त्याला बाटलीसकट पुण्याला न्यायला मी गाडी घेऊन गेलो. त्याने डब्यात कोपरापर्यंत हात घातला. मग सगळे तांदूळ परातीत ओतले.

"ती बाटली व्हय?" आई चुलीपासून म्हणाल्या. "किड्याचं औषध काळं पडल्यालं. खायच्या तांदळात कुनी ठिवावं! मोरीत वतून राखंनं घासली, तुझ्या मळमळीला ववा भरलाय बघ."

मिलिंद परातीपुढे बसून राहिला. आईंनी त्याचं तोंड पाहिलं.

"काय हुतं रं त्यात?"

"काय न्हाई गं. काजळी."

त्यांना ते पटलं नाही. मोरीतला गाळ खरवडून त्यांनी वाटीत आणला. "यातनं निघंल का?" मिलिंदने वाटी हातात घेतली, बोट फिरवलं... "न्हाई, आई." मग ओवा तळहातावर घेऊन चावत राहिला. गाडी मी एकट्याने परत आणली.

मिलिंदच्या माघारी, गेल्या आठवड्यात काष्टीला गेलो. आईंनी डब्यातून तीच बाटली काढली. आत ओवा नव्हता. तव्याखालची काजळी खरवडून भरली होती, अगदी गळ्यापर्यंत.

"त्याच भावकीतली म्हनायचा न्हवं? पुन्याला नेतोस का?"

मी बाटली हातात घेऊन उजेडात धरली आणि त्यांना परत दिली. त्यांनी झाकण घट्ट केलं आणि बाटली परत तांदळात खोल खुपसली.