सातवी ‘ब’ची ओपन हौस

बसा निवांत, चहा ठेवलाय. तोवर माझी एक फजिती ऐका. फजिती अशी, की शाळेच्या मुख्याध्यापकांच्या डोक्यावर कबूतर बसलं, आणि ते माझ्या कानामुळं!

आता कानाचा आणि कबुतराचा काय संबंध? सांगतो. घाई करू नका. मला घाईनं सांगता येत नाही आणि माझ्या नातीला घाईनं लिहिता येत नाही. मी बोलतोय, इशू लिहितेय. मला अक्षरओळख नाही, अंगठा मात्र सुरेख उठतो. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते. मी म्हटलं, माझं बोलणं हवं तेवढं धुऊन काढ बाई, पण माणसं जशी बोलली तशीच ठेव.

तर इशू सातवी ‘ब’मध्ये. आम्ही राहतो कऱ्हाटीला, शाळा बारामतीच्या रस्त्याला. मुलगा साखर कारखान्यात पाळीवर, सून बारामतीला दवाखान्यात कामाला. दोघांनाही फोन बघायला उसंत नाही, म्हणून शाळेच्या ग्रुपात नंबर घातला माझा. म्हणजे बघा, घरात एकटा मी अडाणी, आणि शाळेचा सगळा कारभार माझ्याकडं!

पण वर्गाच्या मॅडम लई गुणाच्या. दर शुक्रवारी संध्याकाळी त्या लिहून तर पाठवतातच, वर बोलूनही पाठवतात. “नमस्कार पालकहो, सातवी ब च्या या आठवड्यातल्या घडामोडी…” मग आठवड्यात काय शिकवलं, पुढच्या आठवड्यात काय आहे, कुणाची पाण्याची बाटली वर्गात राहिली, सगळं. दूध घालायला डेअरीवर गेलो की मी फोन कट्ट्यावर मधोमध ठेवतो. एका बाजूला तात्या, माझा लहानपणापासूनचा सोबती. दुसऱ्या बाजूला सायकल दुकानवाले रशीदभाई. तिघांचीही नातवंडं त्याच वर्गात. पूर्णांक म्हणजे काय हे आम्हा तिघांनाही माहीत नाही, पण पोरांचे पूर्णांक एकदाचे संपले हे ऐकून तिघांनाही हायसं वाटलं होतं!

तर त्या शुक्रवारी मॅडम बोलल्या, “पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी नऊ वाजता आपल्या वर्गात ओपन हाऊस आहे. पालकांनी, आजी-आजोबांनी मोकळ्या मनानं यावं.”

“काय म्हनल्या?” रशीदभाईंनी विचारलं.

“ओपन हौस,” मी म्हणालो.

परत लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा लावलं. ओपन हौस!

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? ओपन म्हणजे काय हे कळायला शाळेत जावं लागतं का? कुस्तीत ओपन गट असतो, त्यात कुणीही उतरावं. ग्रामपंचायतीला ओपन जागा असते, तिथं कुणीही उभं राहावं. आणि हौस म्हणजे हौस! त्यात मॅडम स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या, मोकळ्या मनानं या.

“म्हंजी ज्येची जी हौस आसंल, ती त्येनं तितं येऊन दावायची,” मी निकाल दिला.

“म्हाताऱ्यांनी बी?” तात्याचा आवाजच बदलला.

“आजी-आजोबांनी, आसं सोता म्हनल्या की!”

तात्याला हलगीची हौस. पण घरात वाजवू देत नाहीत. वाजवली की शेजारची माणसं टोपी घालून येतात, कोण गेलं म्हणून विचारायला.

रशीदभाईंना कबुतरांची. “पर कबुतरं शाळंत चालत्याल का, आबा?” माणूस भिडस्त.

“ओपन हाय, रशीदभाई! ओपनला कसली आलीय अट?”

आणि माझी हौस? ती मी दोघांनाही सांगितली नाही. लहानपणी मी म्हशी राखायचो, अगदी शाळेच्या कुंपणाला लागून. आत पोरं लेझीम खेळायची. ते छन् छन् ऐकलं की माझे पाय आपले आपण हलायचे. शाळेत कधी गेलो नाही, पण कुंपणाबाहेर उभं राहून सगळी पावलं पाठ केली. पुढं जत्रेत एक लेझीम घेतली. ती गोठ्यात खुंटीला असते. कधीमधी म्हशीपुढं खेळतो. म्हैस काही बोलत नाही.

घरी आलो तर इशू जमिनीवर पसारा मांडून बसलेली. आईनं दवाखान्यातून आणलेल्या सलाईनच्या नव्या नळ्या, पुठ्ठा, मातीत लावलेली मेथी. ठिबक सिंचनाचा नमुना करत होती.

“इशे, शनिवारी ओपन हौस हाय न्हवं?”

“व्हय आबा. तुमीच या. पप्पांची पाळी हाय, मम्मीला सुट्टी न्हाय.”

“काय आणायचं?”

“काय नको, नुसतं या.” नळीतली हवा काढता काढता ती थांबली. “आबा, राग न्हाय ना येणार? मला समद्यांम्होरं ह्ये इंग्लिशमधी सांगायचंय. चार वाक्यं हायेत. आत्तापासनंच भ्या वाटतंय. तितं तुमी… जरा गप बसाल?”

पोरीला असं का म्हणावं लागलं? माझीच करणी! मागच्या खेपेला शाळेत गेलो, तेव्हा फाटकातूनच ‘ए चिमणे!’ अशी हाक मारली. घरात लाडानं म्हणतो हो आम्ही. झालं! महिनाभर वर्गातली पोरं तिला बघून चिवचिव करत होती. पोर चार दिवस डबा न खाता घरी आणायची.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तुजी मान खाली जाईल आसं कायबी करनार न्हाय.”

असं म्हणालो, आणि शनिवारी सकाळी लेझीम पोत्यात गुंडाळली!

आम्ही तिघं वडापच्या जीपनं, माणशी भाडं देऊन, निघालो. मी कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, तात्या हलगी पोटाशी धरून, रशीदभाई कबुतरांची टोपली मांडीवर घेऊन. शाळेत पोचलो तेव्हा वर्ग भरलेला. भिंतीकडंनं पालक, बाकांवर पोरांनी केलेल्या वस्तू, कोपऱ्यात मुख्याध्यापक सर हात मागं बांधून उभे. आणि समोर इशू.

मी दारात दिसलो तशी ती हसली. मग तिला हलगी दिसली. मग टोपली दिसली. हसू जे गेलं ते गेलंच.

आम्ही मागच्या बाकावर गप बसलो. इशूनं घसा साफ केला. “गुड मॉर्निंग. माय प्रोजेक्ट…”

तात्याला वाटलं, झाली सुरुवात! त्यानं सणसणीत थाप मारली.

बंद खोलीत हलगी ऐकलीय का तुम्ही कधी? खिडक्यांच्या काचा तडतडल्या. एक पालक बाई किंचाळल्या. रशीदभाई दचकले, टोपली कलंडली, आणि तिन्ही कबुतरं उडाली! एक पंख्यावर. नशीब, पंखा बंद होता. दुसरं थेट सरांच्या डोक्यावर. सर शिस्तीचे, जागचे हलले नाहीत. न हलणाऱ्या माणसाला कबूतर पुतळा समजणार नाही तर काय समजणार? आणि तिसरं जाऊन बसलं इशूच्या ठिबकवर!

वर्गात नुसता गोंधळ! मी मात्र इशूकडं बघत होतो. तिचा खालचा ओठ थरथरत होता. तो ओठ मी ती दोन दिवसांची असल्यापासून ओळखतो. त्याच्यानंतर रडू येतं.

मी उठलो. “मॅडम, ह्या दोघांचं कायबी चुकलं न्हाय. चूक माझी हाय. तुमी म्हनला ओपन हौस, म्हनून आमी आपापली हौस घिऊन आलो.”

“ओपन हाऊस, आबा,” मॅडम म्हणाल्या. “हाऊस म्हणजे घर. आज शाळेचं घर तुमच्यासाठी उघडं. या आणि मुलांनी काय काय केलंय ते बघा, एवढंच.”

“घर?”

“घर.”

“मंग हौस न्हाय?”

मॅडमनी ओढणी तोंडाला लावली. पण हसू काही मावेना. त्या हसल्या तशी पोरं हसली, पोरं हसली तसे पालक. मी हळूच पोतं पायानं मागं सारलं. पण लेझीम ती! छन् करून बोललीच.

“आणि त्यात काय आहे?” सरांनी मान न हलवता विचारलं. कबूतर अजून वरच होतं.

सांगावं लागलं. म्हशी, कुंपण, खुंटी, सगळं. सांगताना माझी नजर जमिनीवर. इशूकडं बघायची छाती होईना.

तेवढ्यात तिचाच आवाज आला, “आबा, लेझीम मागनं. आदी माझं ठिबक बगा.”

मी वर बघितलं. ते तिसरं कबूतर नळीच्या तोंडाला चोच लावून थेंब ओढत होतं. एक थेंब, चोच पुढं. एक थेंब, चोच पुढं.

“बगा!” इशू म्हणाली. “कबूतर पितंय, म्हंजी माझं ठिबक चालू हाय! वन ड्रॉप, वन ड्रॉप!” आणि जी सुटली! चार वाक्यं ठरलेली, ती चाळीस बोलली. थोडं इंग्रजी, थोडं कऱ्हाटीचं. उसाला पाटानं पाणी किती लागतं, नळीनं किती वाचतं, सरांना सुद्धा विचारून घेतलं, “कळलं का सर?” सर म्हणाले, “कळलं.” तिची भीती कबुतरानं दाण्यासारखी कधी टिपली कुणास ठाऊक!

मग सगळे मैदानात. शाळेच्या लेझमी निघाल्या, पोरं रांगेत उभी राहिली, तात्याला उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, “जरा जोरात वाजवा की!” आणि मी, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, कुंपणाच्या आत!

पहिलं पाऊल टाकलं. सगळी पोरं उजवीकडं, मी एकटा डावीकडं. पोरं डावीकडं वळली, मी उजवीकडं. पुढच्या पावलाला मी सरांच्या अंगावर!

“आबा, उजवा पाय!” मॅडम ओरडल्या.

“ह्योच माझा उजवा!”

नंतर ध्यानात आलं. मी शिकलो होतो कुंपणाबाहेरून, पोरांच्या समोर उभं राहून. त्यांचा उजवा तो माझा डावा! साठ वर्षं घोटून घोटून पाठ केलं, ते अख्खं उलटं!

पोरं म्हणाली, “चिमणीचे आबा उलटे!” मला तो न खाल्लेला डबा आठवला. पण इशू खो खो हसली, रांगेतून निघून माझ्या पुढ्यात तोंड करून उभी राहिली. “आबा, माझ्याकडं बगून खेळा.” आणि काय सांगू! आरशात बघावं तसं जमलं.

त्या दिवसापासून कानाला खडा. शाळेचं काहीही आलं की आधी इशूला विचारायचं. पुढच्याच शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, पोरांची सहल जायचीय, त्याआधी पुढच्या आठवड्यात शनिवारी शाळेत पेरू-मीठ आहे. मी चारदा ऐकलं. मग इशूला विचारलं, “शनिवारी पेरू-मीठ हाय का गं?”

तिनं पटकन वहीत तोंड लपवलं. “व्हय आबा,” म्हणाली. “मीठ जरा जास्त घ्या. वर्गात बेचाळीस जण हाओत.”

इंदापूरला माझ्या व्याह्यांची पेरूची बाग. दोन एसट्या बदलून गेलो, पोतंभर पेरू आणले. शनिवारी पालक जमले होतेच. मॅडम सहलीचं सांगत होत्या आणि सगळे पेरूला मीठ लावून खात होते. सरांनी तर दोन खाल्ले. म्हणजे या खेपेला तरी माझ्या कानानं…

आता ही बघा! पेन खाली ठेवून हसतेय. का गं? हसायला काय झालं?

“आबा, पेरू-मीठ न्हवतं ते. ‘पेरेंट मीट’ हुतं.”

“म्हंजी?”

“पालकांची मीटिंग.”

“आन् मंग समद्यांनी खाल्लं कशाला?”

“गोड हुते म्हनून!”

“तवाच का न्हाय सांगितलंस?”

“सांगितलं आसतं, तर तुमी पेरू आनले आसते व्हय?”

घ्या! म्हटलं, मग वरती ‘माझी एक फजिती’ असं लिहिलंयस ना, तिथं खोड आणि ‘दोन’ कर.

तर म्हणते, “ऱ्हाऊ द्या आबा. तिसरी झाली की यकदमच बदलू.”