इंद्रावतीची फीत

गेल्या महिन्यात नामदेवभाऊ गेला. तो माझा थोरला भाऊ, नव्वदी उलटलेला. त्यामुळे भेटायला येणारे सगळे 'सोनं झालं' म्हणत होते. मी मान हलवत होते, पण मनातून चिडत होते. माणूस नव्वदीचा असला म्हणून काय झालं, मला तर एकच भाऊ होता.

जायच्या आठ दिवस आधी मी सौंदडला त्याच्या खोलीत बसले होते. बराच वेळ तो डोळे मिटून पडला होता. मग एकदम म्हणाला, "सुमे, इंद्रावतीचं नाव कोणाले देलं काय?" मी म्हटलं, हो, देलं, नवं जहाज बांधून राहिले, तुझ्या नातवानंच वाचून दाखवलं मले. तो माझ्याकडे बघत राहिला आणि बारीक हसला. "तू कधीच पुरी चिठ्ठी वाचत नाहीस..." एवढंच बोलला. खरं सांगायचं तर मी खोटं बोलले होते. त्या नावाचं जहाज आता कुठेही नाही, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी भाऊ आरमारात भरती झाला. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, शेतातली लहान तळ्यासारखी बोडी आणि धानाच्या रोवणीचा चिखल. समुद्र घरात कोणी पाहिला नव्हता. बाबा तोवर वारले होते. शेत काका बघत. मी नुकतीच प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले होते, आणि मायला अक्षर येत नसल्यामुळे भाऊची पत्रं मोठ्यानं वाचायचं काम माझं. ती चुलीपाशी बसायची, मी दारात उजेडाला. भाऊ झेंड्यांच्या खुणांनी एका जहाजावरून दुसऱ्याला निरोप देण्याच्या कामावर होता. पत्रात तो लाटांबद्दल कमी आणि जेवणात भात कसा मिळतो याबद्दलच जास्त लिहायचा. मायला तेच हवं असायचं.

मग एकदा लांबलचक पत्र आलं. त्याची बदली नव्या जहाजावर झाली होती. नवं म्हणजे इंग्रजांकडून घेतलेलं, रंगरंगोटी केलेलं, पण नाव आपलं... इंद्रावती. भाऊला भारी अभिमान. त्यानं लिहिलं होतं की जहाज मोडलं किंवा गेलं तरी आरमारात चांगलं नाव वाया जाऊ देत नाहीत, पुढच्या जहाजाला देतात. पहिली इंद्रावती शिडाची होती. दुसरी मागच्या महायुद्धात लढली. ही तिसरी. आधीच्या दोघींनी काय काय केलं त्याची पाटी या तिसरीवर लावली आहे, आणि नवा खलाशी आला की त्याला आधी त्या पाटीसमोर उभं करतात. हे सगळं मी शाळेत धडा वाचावा तसं ठसक्यात वाचलं. त्याच ठसक्यात पुढची ओळही वाचून टाकली: दुसरी इंद्रावती लढाईत बुडाली, तिच्यावरचे निम्मेसुद्धा वाचले नाहीत.

मायनं हातातली फुंकणी खाली ठेवली. "बुडालेलीचं नाव देलं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. त्या रात्री ती जेवली नाही.

का, ते आमच्याकडची रीत माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. बाळाचं नाव ठेवताना परातीत पाणी घेऊन धानाचे दोन दाणे हलकेच सोडतात. एक बाळाचा, एक घरातल्या गेलेल्या माणसाचा. दाणे तरंगत येऊन एकमेकांना चिकटले की समजायचं, गेलेलं माणूस परत आलं, त्याचंच नाव ठेवायचं. पण हे पिकल्या वयात, अंथरुणावर गेलेल्यांसाठी. जो पाण्यात गेला, झाडावरून पडला, वाघानं नेला, त्याचं नाव कोणी घेत नाही. नावासोबत मरणही येतं म्हणतात. आणि इथे सरकारनं बुडालेलीचं नाव उचलून दुसरीला दिलं होतं, अन् तिच्यावर मायचा एकुलता एक पोरगा बसवला होता.

त्या दिवसापासून मायचा जीव थाऱ्यावर नव्हता. छोट्या लाईनीची गाडी शिटी मारत आली की ती हातातलं टाकून अंगणात उभी राहायची. डाकवाला लांबून दिसला तरी तिच्या तोंडचं पाणी पळायचं. माझंही काही वेगळं नव्हतं. ती ओळ मी गाळली असती तर, हे मला अजून छळतं. पुढे मी पत्रं गाळून वाचू लागले. वादळात एक सोबती वाहून गेल्याचं भाऊनं लिहिलं होतं, त्या जागी मी मटणाचं जेवण घातलं.

त्याच वर्षी धानाची कापणी झाल्यावर भाऊ सुट्टीवर आला. गोल टोपी, तिच्याभोवती काळी फीत, फितीवर सोनेरी दोऱ्यानं जहाजाचं नाव. सगळा मोहल्ला बघायला आला. माय मात्र बघत नव्हती. परत जायच्या दोन दिवस आधी तिनं शेजारच्या सुकवारोबाईला बोलावलं. ही गोंड म्हातारी, आमच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, सगळ्या बाळांचे दाणे तिनंच सोडलेले. माय तिला म्हणाली, जहाजाचे दाणे सोड.

सुकवारोबाईनं आयुष्यात जहाज पाहिलं नव्हतं, पण ती हसली नाही. परात आली, पाणी आलं. आम्ही चौघं भोवती बसलो. दाणे जुळले तर बुडालेली परत आली, तिचं मरण घेऊन. नाही जुळले तर हे नाव हिचं नव्हतंच, उसनं. मायला दोन्हीची भीती. मलाही धडकी भरली होती, मास्तरीण असून. एक दाणा तरंगत कडेला गेला. दुसरा, नव्या इंद्रावतीचा, जरा डुलला आणि सरळ तळाला गेला.

सुकवारोबाई उठून गेली.

दुसऱ्या दिवशी टोपीवरची फीत गायब. भाऊनं पेटी उलटीपालटी केली, मी माळ्यावर चढून पाहिलं. माय शांतपणे तांदूळ निवडत बसलेली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तसा भाऊच्याही पडला. मायला वाटत होतं, नावाची फीत नसली की पोराला जहाजावर चढूच देणार नाहीत, आणि पोरगा घरी राहील. बाप्पा, काय त्या भाबडेपणाला म्हणावं! फीत हरवली तर भाऊला शिक्षा झाली असती, आणि उशिरा पोचला असता तर पळपुटा म्हणून शिपाई दारात आले असते. हे त्यानं तिला समजावून पाहिलं. ती फक्त म्हणाली, "शिक्षा होऊ दे. जिता तं राहशील."

भाऊ तिच्यासमोर खाली बसला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिच्या वक्ती बी दाणा बुडलाच होता ना, माय? मी होतो तिथं, पाच वर्षाचा. तवा बाबा काय म्हणला होता, सांग हिले."

मला काहीच कळेना. आमची एक बहीण माझ्या जन्माआधी गेली, एवढं मला माहीत होतं. कशानं, ते कोणी सांगितलं नव्हतं. माय माझ्याकडे न बघता बोलली. तिचं नाव सुमन होतं. तीन वर्षांची असताना बोडीत बुडाली. वर्षभरानं मी झाले. बाबांनी दाणे सोडायला लावले, माझा दाणा तळाला गेला, माय रडून राहिली, तरी बाबांनी सुमनच नाव ठेवलं.

"काय म्हणला होता?" भाऊनं पुन्हा विचारलं.

"भरला दाणा बुडतेच म्हणला..." माय म्हणाली. "बेणं पाण्यात टाकून निवडताना तरंगते ते पोचट आपण फेकतो, म्हणला."

"मंग, ही बुडाली काय?"

माय उठून आत गेली. वीस वर्षं ती मला तलावावर का जाऊ देत नव्हती, रोवणीत घोटाभर पाण्यातही माझ्यावर नजर का ठेवायची, ते मला त्या दुपारी कळलं. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. संध्याकाळी तिनं धान साठवायच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून फीत काढली. म्हणाली, चुरगळली, नीट करून देते. रात्रभर ती चिमणीच्या उजेडात फीत घेऊन बसली होती. सकाळच्या गाडीनं भाऊ गेला.

त्यानंतर तीन महिने पत्र नाही. ते तीन महिने मी लिहू शकत नाही. पुढे पत्र आलं, आणि मग पत्रं येत राहिली. इंद्रावती कधी बुडाली नाही. म्हातारी झाली, मोडीत निघाली. भाऊ निवृत्त होऊन सौंदडला परतला आणि धान लावू लागला. माय त्याच्या हातचं पाणी पिऊन, अंथरुणावर गेली.

तेरवी झाल्यावर भाऊच्या पेटीत मला ती फीत सापडली. सोनेरी दोरा काळवंडलेला. बाजूला बांधतात त्या गाठीत काहीतरी कडक लागलं. उसवून पाहिलं तर आत धानाचे दोन दाणे, एकाच दोऱ्यानं एकमेकांना घट्ट शिवलेले. टाके मायचे, लांबलांब. मी नखानं दाबून पाहिलं, दोन्ही भरलेले होते. त्यावर दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका होता, पुरुषाच्या हातचा. म्हणजे भाऊनं कधीतरी ते पाहिलं होतं आणि परत शिवून ठेवलं होतं.

मलाही तेच करायचं होतं, पण सुईत दोरा ओवता येईना. भाऊच्या नातवाच्या बायकोला हाक मारली. तिला सातवा महिना लागलाय. दोरा ओवून ती बाजूला बसली आणि म्हणाली, आजी, हे काय आहे? मी तिला सगळं सांगितलं, त्या बोडीसकट. या वेळी काही गाळलं नाही.